शरीराच्या सीमेवरील पडदे



माळेंतल्या मण्याला आरपार एक भोंक असतें. हें भोंक मण्याच्या आंत आहे कीं बाहेर? प्रश्न पोरकट वाटेल. परंतु क्षणभर विचार केला तर असें दिसेल कीं, भोंकांतून जाणारा दोरा मण्याच्या द्रव्यांत कोठेंच शिरत नाहीं. तो मण्याच्या मधोमध जातो खरा, पण राहतो बाहेरच. मनुष्याचें शरीर अन्नाच्या दृष्टीनें असाच एक लांबट मणी आहे. तोंडापासून गुदद्वारापर्यंत जो कित्येक मीटर लांबीचा अन्नमार्ग गेला आहे, त्यांतली पोकळी म्हणजे वस्तुतः बाहेरच्या जगाचाच, शरीरामधून गेलेला एक बोळ होय. लहान मुलानें नाणें गिळलें आणि दोन दिवसांनीं तें शौचावाटे पडलें, तर तें नाणें मुलाच्या शरीरांत कधीं शिरलेंच नव्हतें, असें शरीरशास्त्राचा अभ्यासक म्हणेल. आपण गिळलेला घांससुद्धां आंतड्याचें अस्तर ओलांडून रक्तांत मिसळेपर्यंत शरीराला परकाच असतो.

मग शरीराची खरी सीमा कोणती? ती आहे निरनिराळ्या पडद्यांची. बाहेरून आपल्याला दिसते ती त्वचा हा त्यांतला एक पडदा. तोंड, घसा, श्वासनलिका, आंतडें यांचें ओलें अस्तर हा दुसरा. आणि छाती व पोट यांच्या बंद पोकळ्यांतून पसरलेला गुळगुळीत पडदा हा तिसरा. या सर्वांना मिळून शास्त्रीय पुस्तकांत अभिस्तर-पटलें म्हणतात. त्यांचे प्रकार व त्यांचीं कार्यें हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषयाचें नांव रुक्ष आहे खरें. परंतु पटकीची सांथ, बरगडींत शूळ उठविणारा आजार, सुपारीच्या व्यसनानें तोंड उघडेनासें होणें, भाजलेल्या माणसाच्या जिवाला असलेला धोका, हे सारे विषय या पडद्यांशीं निगडित आहेत. मी वैद्य नव्हे. शाळेंत मुलांना शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें असा एक मास्तर आहें. तेव्हां औषधांच्या भानगडींत फारसें न पडतां, पडदा कसा बनलेला आहे आणि तो काय करतो, एवढेंच मी मुख्यतः सांगणार आहें.

प्रथम रचना पाहूं. अशा कोणत्याहि पटलाचा बारीकसा काप सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवला तर त्यांत दोन थर दिसतात. वरचा थर अभिस्तराचा. त्यांतील पेशी चौकांतल्या फरशांप्रमाणें एकमेकींना अगदीं खेटून बसविलेल्या असतात. खालचा थर आधाराचा. तो धाग्यांनीं विणलेला असून रक्तवाहिन्या याच थरांत असतात. दोहोंच्या मध्यें एक अतिशय पातळ चटई अंथरलेली असते. वरच्या थरांत रक्तवाहिनी नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. त्याचें सारें पोषण खालच्या थरांतून झिरपत वर येतें. कागदाच्या कडेनें बोट वरवर खरचटलें तर रक्त येत नाहीं, पण दाढी करतांना वस्तरा किंचित् खोल गेला कीं लगेच लाल ठिपका उमटतो, याचें कारण हेंच.

या पेशींचे आकार तीन: फरशीसारख्या चपट्या, फाशासारख्या चौकोनी व खांबासारख्या उंच. त्या कोठें एका थरानें मांडलेल्या असतात, तर कोठें अनेक थरांनीं. यांत निसर्गाचा हिशेब अगदीं सरळ आहे. जेथें कांहीं पदार्थ इकडून तिकडे जाऊं द्यावयाचा आहे तेथें एकच थर. जेथें घर्षण व झीज सोसावयाची आहे तेथें थरांवर थर. म्हणून आंतड्याला एकेरी अस्तर, आणि तळपायाला मात्र जाड पुष्कळ पदरी कातडें.

पटलांच्या या अभ्यासाचा पाया घालण्याचा मान झाव्हिए बिशा या फ्रेंच वैद्याकडे जातो. 1800 सालच्या सुमारास पॅरिसमध्यें त्याचा पटलांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. सूक्ष्मदर्शकावर त्याचा विश्वास नव्हता. शवांचें विच्छेदन करून, पटलें सोलून, शिजवून, सुकवून, केवळ उघड्या डोळ्यांनीं त्यानें श्लेष्मल पटलें निराळीं व लसीसारखा द्रव पाझरणारीं पटलें निराळीं, हा भेद ठरविला. अवयव निरनिराळे असले तरी एकाच जातीच्या पटलाला एकाच तऱ्हेचा रोग होतो, हें त्याचें म्हणणें. 1802 सालीं हा पुरुष अवघ्या तीस वर्षांचा असतां वारला. पण त्यानें केलेला भेद अजून टिकून आहे.

आतां एकेक पटल घेऊं. त्वचा हें त्यांतलें सर्वांत परिचित. प्रौढ मनुष्याच्या त्वचेचें क्षेत्रफळ सुमारें दीड ते दोन चौरस मीटर भरतें. तिच्या वरच्या थरांत तळाशीं नव्या पेशी सतत जन्म घेतात आणि खालून येणाऱ्या पेशींच्या रेट्यानें वर वर ढकलल्या जातात. वर येतां येतां त्यांत केराटीन नांवाचें, नखांत व केसांत असणारें कठीण द्रव्य भरतें आणि पृष्ठभागीं पोंचेपर्यंत त्या मृत झालेल्या असतात. हा प्रवास सुमारें एक महिन्याचा. अंगावरून झडणारा कोंडा म्हणजे याच मृत पेशी होत. ही मृत पेशींची शाल अंगावर आहे म्हणूनच आंतील जिवंत पेशी ओल्या राहतात.

त्वचा रोगजंतूंना बाहेर ठेवते हें सर्वांना ठाऊक आहे. परंतु शरीरांतलें पाणी ती आंत ठेवते, याची जाणीव सहसा नसते. मोठ्या प्रमाणांत भाजलेल्या माणसाला पहिल्या कांहीं तासांतला मोठा धोका असतो तो द्रव निघून जाण्याचा. जंतूंचा संसर्ग त्याच्या मागून येतो. अशा वेळीं मृत व्यक्तीच्या शरीरावरून काढलेला त्वचेचा अगदीं पातळ थर जखमेवर पसरला तर तो कायमचा जडत नाहीं, पण कांहीं आठवडे पडद्याचें काम करतो आणि तेवढ्या अवधींत रोग्याची स्वतःची शक्ति सांवरते. याकरितां मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत 2000 सालीं त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सुमारें सहा तासांच्या आंत मांड्या व पाठ येथील वरचा पातळ थर काढून घेतात. देह विद्रूप होत नाहीं. नेत्रदान पुष्कळांस माहीत आहे. त्याच्या शेजारीं या दानाचीहि आठवण घरोघर असावी.

दुसरा प्रकार बंद पोकळ्यांतील पटलांचा. यांना आपण लसपटलें म्हणूं. फुप्फुसांभोंवतीं, हृदयाभोंवतीं आणि पोटांतील अवयवांभोंवतीं अशीं हीं तीन ठिकाणीं आहेत. यांची मांडणी समजण्यास सोपा उपाय आहे. अर्धवट फुगविलेल्या फुग्यावर मूठ दाबा. मूठ फुग्यानें वेढली जाते. एक पदर मुठीला चिकटतो, दुसरा बाहेर राहतो, आणि मूठ फुग्याच्या पोकळींत मात्र शिरलेली नसते. फुप्फुस किंवा हृदय हें या मुठीच्या जागीं आहे असें समजा. दोन पदरांमध्यें पोकळी जवळजवळ नसतेच. फुप्फुसाभोंवतीं फक्त दोन-चार चमचे पातळ द्रव असतो. अस्तर चपट्या पेशींच्या एकाच थराचें, आरशासारखें गुळगुळीत. दिवसांतून सुमारें एक लक्ष वेळां हृदय आकुंचन पावतें, वीस हजारांहून अधिक वेळां फुप्फुसें फुगतात, आणि या हालचालींची आपल्याला दादहि नसते, ती या चमचाभर द्रवाची कृपा.

या गुळगुळीतपणाला धक्का लागला म्हणजे त्याची किंमत कळते. फुप्फुसावरणाला दाह झाला कीं दोन्ही पदर खरखरीत होतात आणि प्रत्येक श्वासाबरोबर बरगडींत सुरी खुपसल्यासारखी कळ येते. नव्या वहाणेचें चामडें करकरावें तसा आवाज अशा वेळीं डॉक्टरला नळींतून ऐकूं येतो. पुढें कधीं कधीं दोन पदरांमध्यें पाणी सांचूं लागतें. मग पदर एकमेकांपासून दूर झाल्यामुळें कळ थांबते आणि घरच्या मंडळींना वाटतें, उतार पडला. परंतु त्याच वेळीं धाप वाढत असेल तर तें उताराचें लक्षण नव्हे, रोग पुढें सरकल्याचें आहे. आपल्या देशांत या पाण्याच्या मुळाशीं पुष्कळदां क्षय असतो, आणि क्षय आज औषधानें बरा होतो. म्हणून कळ थांबली या समाधानांत दिवस घालवूं नयेत.

पोटांतील लसपटल याच जातीचें, पण फार विस्तृत. सारीं आंतडीं वेढून त्याच्या घड्या पसरल्या असल्यामुळें त्याचें क्षेत्रफळ जवळजवळ त्वचेएवढें भरतें. मूत्रपिंडें निकामी झालेल्या रोग्यांसाठीं या विस्ताराचा मोठा युक्तीनें उपयोग केलेला आहे. नळीवाटे पोटाच्या पोकळींत साखर व क्षार घातलेलें निर्जंतुक पाणी सोडतात. रक्तांतली घाण पटलांतून त्या पाण्यांत उतरते, आणि कांहीं तासांनीं तें पाणी काढून टाकतात. रोग्याला घरच्या घरीं करतां येईल अशी ही पद्धति 1976 सालीं अमेरिकेंतील पोपोविच व मोन्क्रीफ यांनीं पुढें आणली.

गुडघा, खांदा अशा सांध्यांच्या आंतील अस्तर याच पंक्तीला बसवावें असें वाटतें, कारण तेथेंहि वंगणासारखा द्रव असतो. परंतु त्या अस्तराला अभिस्तर नाहीं. तें केवळ आधाराच्या ऊतीचें बनलेलें आहे. म्हणून परीक्षेंत त्याला निराळें खातें द्यावें लागतें, एवढेंच विद्यार्थ्यांसाठीं सांगून पुढें जातों.

तिसरा व सर्वांत विविध प्रकार श्लेष्मल पटलांचा. ज्या ज्या पोकळीला बाहेर उघडणारें दार आहे तिला हें अस्तर असतें. अन्नमार्ग, श्वासमार्ग, मूत्रमार्ग व जननमार्ग हे चारहि त्यांत आले. आरशांत आपले ओंठ पाहा. जेथें गालाचें कातडें संपून लाली सुरू होते तेथें त्वचा आपलें कोरडेंपण सोडूं लागते. ओंठाची आंतली बाजू म्हणजे श्लेष्मल पटल. त्याचें जीवन ओलाव्यावर अवलंबून आहे. अ जीवनसत्त्वाची उणीव झाली म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील ओलें पटल त्वचेसारखें कोरडें, निस्तेज होऊं लागतें, आणि हयगय झाली तर बुबुळ जाऊन मुलाला कायमचें अंधत्व येतें. तिन्हीसांजेला मूल अडखळूं लागलें तर आयांनीं ही पहिली सूचना समजावी. शेवग्याचा पाला, गाजर, पपई, पिकलेला आंबा यांत या जीवनसत्त्वाची सामग्री आहे.

तोंडाचें अस्तर अनेक पदरी आहे, कारण त्याला भाकरीच्या कडेपासून गरम चहापर्यंत सर्व कांहीं सोसावें लागतें. परंतु सुपारी सतत गालांत धरून ठेवली तर त्याच्या खालचा आधाराचा थर हळूहळू ताठ होत जातो. गाल लवचीक राहत नाहींत, तिखट लागलें कीं आग होते आणि अखेरीस तोंड पुरतें उघडत नाहीं. 1953 सालीं मुंबईच्या डॉ. जोशी यांनीं या विकाराचें वर्णन केलें व त्याला आज रूढ असलेलें नांव दिलें. पुढें यांतील कित्येकांना कर्करोग होतो. तंबाखू न घालतां खाल्लेली सुपारीहि कर्करोग उत्पन्न करते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें 2004 सालीं प्रसिद्ध केला. महाराष्ट्रांत गुटख्यावर 2012 सालीं बंदी घालण्यांत आली. घरांत कोणी सुपारी खाणारा असेल तर त्याला आपलीं तीन बोटें एकावर एक उभीं धरून तोंडांत घालण्यास सांगावें. तीं जात नसतील तर दंतवैद्याकडे जाण्यास उशीर करूं नये.

श्वासमार्गाच्या अस्तरांतील पेशी खांबासारख्या उंच असून त्यांच्या माथ्यावर बारीक केस असतात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळां हलतात आणि धूळ चिकटलेल्या श्लेष्म्याचा थर सतत घशाकडे लोटीत राहतात. दिवसाकांठीं सुमारें दहा हजार लिटर हवा या मार्गानें जाते, ती याच झाडूवाल्यांच्या भरंवशावर. तंबाखूच्या धुरानें हे केस मंदावतात, आणि वर्षानुवर्षें धूर चालूं राहिला तर केसाळ पेशींच्या जागीं चपट्या, केस नसलेल्या पेशी येतात. मग साफसफाईचें काम एकट्या खोकल्यावर पडतें. विडी ओढणाराचा सकाळचा खोकला हा त्या कामाचा आवाज होय. सोडणाराला धीर देण्याजोगी गोष्ट अशी कीं, व्यसन सुटलें म्हणजे केस पुष्कळ अंशीं पुन्हां काम करूं लागतात.

आतां लहान आंतडें. त्याची लांबी सुमारें सहा मीटर. परंतु त्याच्या अस्तराला वळ्या आहेत, वळ्यांवर रसांकुर आहेत, आणि रसांकुरांवरील प्रत्येक पेशीच्या माथ्यावर आणखी सूक्ष्म केसांचा कुंचला आहे. जुन्या पुस्तकांत या साऱ्या पसाऱ्याची तुलना टेनिसच्या मैदानाशीं केलेली असे. 2014 सालीं स्वीडनमधील दोन संशोधकांनीं नव्यानें मोजमाप करून हा आंकडा खालीं आणला. सर्व अन्नमार्गाचें अस्तर सुमारें 32 चौरस मीटर, म्हणजे अर्ध्या बॅडमिंटनच्या मैदानापेक्षांहि थोडें कमीच. तरीहि तें त्वचेच्या पंधरापटीहून अधिक होतें! आणि एवढ्या विस्ताराचा हा पडदा जाडीनें एकाच पेशीचा असून चार-पांच दिवसांत सबंध नवा होतो.

या पडद्याचें कार्य नीट समजल्यामुळें कोट्यवधि जीव वांचले आहेत, ती हकीकत सांगून भाषण संपवितों. पटकी झालेल्या रोग्याला तांदुळाच्या धुवणासारखे जुलाब होऊन कांहीं तासांत त्याच्या अंगांतलें पाणी निघून जातें. आंतड्याचें अस्तरच सोलून निघत असावें, असा तर्क शंभर वर्षें चालत आला होता. अस्तर गेलें म्हटल्यावर तोंडानें पाणी पाजून काय उपयोग? शिरेंतून द्रव देणें हाच एक मार्ग, आणि तो खेड्यापाड्यांत कोठून मिळणार? 1959 सालीं कलकत्त्याच्या शंभुनाथ दे यांनीं दाखविलें कीं, जंतु गाळून टाकलेलें पाणीहि आंतड्यांत तोच परिणाम घडवितें. म्हणजे अपराधी जंतूनें सोडलेलें विष आहे. 1960 सालीं थायलंडमधील रोग्यांच्या अस्तराचे तुकडे तपासले गेले, तेव्हां अस्तर जागच्या जागीं शाबूत आढळलें. पडदा फाटला नव्हता; विषामुळें त्याच्या पेशी उलट दिशेनें क्षार व पाणी बाहेर सोडीत होत्या. त्याच वर्षीं रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञानें असें मत मांडलें कीं, आंतड्याच्या पेशी ग्लूकोज ही साखर व मिठांतील सोडियम यांना जोडीनेंच आंत घेतात. त्यांच्यामागून पाणीहि येतें. पटकीचें विष हा दरवाजा बंद करूं शकत नाहीं! तेव्हां नुसतें पाणी न पाजतां साखर-मिठाचें पाणी पाजलें तर तें आंत जाईल, असा हिशेब निघाला, आणि 1968 सालीं ढाक्यांत तो रोग्यांवर खरा ठरला.

खरी कसोटी 1971 सालीं लागली. बांगला देशाच्या युद्धांत लाखों निर्वासित सीमेपलीकडून आले. बनगांवच्या छावणींत पटकी पसरली, रोगी इस्पितळाच्या जमिनीवर दाटीनें पडले, आणि शिरेंतून देण्याचा द्रव संपत आला. डॉ. दिलीप महालनबीस यांनीं तेव्हां धाडस केलें. लिटरभर पाण्याला 22 ग्रॅम ग्लूकोज, 3.5 ग्रॅम मीठ व 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणाच्या पुड्या बांधून, पिंपांत पाणी कालवून, तें रोग्यांना त्यांच्या नातेवाइकांकडूनच पाजविलें. शंभरांत तीसच्या घरांत असलेलें मृत्यूचें प्रमाण त्यांच्या देखरेखीखालीं चारच्याहि खालीं उतरलें. 2022 सालीं ते वारले. दुसऱ्या वर्षीं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यांत आलें.

आज औषधाच्या दुकानांत या पुड्या अल्प किंमतींत मिळतात. मूल असलेल्या घरांत दोन-चार ठेवाव्या. पुडी जवळ नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावें. मीठ अधिक पडूं देऊं नये. त्यानें अपाय होतो. जुलाब होणाऱ्या मुलाला हें पाणी घोट घोट, चमचा चमचा पाजीत राहावें. उलटी झाली तर दहा मिनिटें थांबून पुन्हां सुरू करावें. अंगावरचें दूध व नेहमींचें अन्न तोडूं नये. मूल पेंगूं लागलें, डोळे खोल गेले किंवा जुलाबांत रक्त दिसलें तर मात्र पाणी पाजीत पाजीतच डॉक्टरकडे न्यावें. जुलाब चालूं असतांना पाणी पाजलें तर जुलाब वाढतात, ही समजूत अजून कित्येक घरांत आहे. ती ज्या घरांत असेल तेथें आजीबाईंना मण्याच्या भोंकाचा दृष्टांत देऊन सांगावें कीं, पोटांत गेलेलें पाणी अजून बाहेरच आहे, आणि साखर-मिठाची जोडी त्याला आंत नेणार आहे.